ओझेबाबांची चौकट

"दाबा, बाळांनो, दाबा! जेवढं दाबाल तेवढं सुटेल!"

लाकडाच्या जुन्या वखारीत त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. फळ्या, ओंडके, भुसा सगळं मालकाने कधीच विकून टाकलं होतं. रिकाम्या वखारीच्या मधोमध आता एक दाराची चौकट तेवढी उभी होती. तिला दार नव्हतं, आजूबाजूला भिंत नव्हती. निळ्या रंगाने रंगवलेली ती अरुंद चौकट जमिनीत घट्ट रोवलेली होती आणि तिच्या शेजारी उंच खुर्चीवर ओझेबाबा बसले होते. चौकटीत एक ट्रकचालक उभा होता. दोन्ही हात खाली सोडून, पंजांच्या मागच्या बाजू त्याने दोन्हीकडच्या खांबांना टेकवल्या होत्या आणि तो दात-ओठ खाऊन बाहेरच्या बाजूला रेटत होता.

"खांद्यावर काय असतं?" बाबांनी विचारलं.

"ओझं!" गर्दी ओरडली.

"ओझं कोण देतं?"

"घर!"

"ओझं कोण घेतं?"

"बाबा!"

"मग सोड ते लाकूड आणि ये रे बाबाकडे!"

घंटा वाजली. ट्रकचालकाने एक पाऊल पुढे टाकलं, हात सैल सोडले, आणि त्याचे दोन्ही हात आपोआप वर उठू लागले. तो ते उचलत नव्हता, हे त्याच्या भांबावलेल्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. पाण्यात दाबून धरलेला रिकामा डबा सोडला की वर येतो, तसे ते हात खांद्यापर्यंत तरंगत आले. धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा रडायला लागला. "गेलं! ओझं गेलं!" म्हणत बायाबापड्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

चमत्कारावाचून नमस्कार नाही म्हणतात. इथे चमत्कार रोखीत मिळत होता, त्यामुळे नमस्कारांची रांग वखारीच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. खांदे दुखणारे हमाल, मान आखडलेले कारकून, शिवणयंत्रावर वाकून पाठीचं धनुष्य झालेल्या बाया, सगळ्यांना आपली पाळी कधी येते असं झालं होतं.

त्या रांगेत मावशी होती. मावशी म्हणजे केस कापणारी मावशी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. एका खुर्चीमागे ती उभी राहायची, दुसरीमागे तिची सून. पंचवीसेक वर्षं मावशीने हात वर धरून लोकांच्या डोक्याची निगा राखली होती आणि आता स्वतःच्या डोक्याला हात लावायची तिची सोय उरली नव्हती. आधी उजवा खांदा नुसता ठणकायचा, रात्री त्या कुशीवर झोपू द्यायचा नाही. मग हळूहळू हात वर जाईना, पाठीमागे वळेना. केस वाळवायचं यंत्र धरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सकाळी पोलक्याची पाठीवरची बटणं लावायला सून, केस विंचरायला सून. दुसऱ्यांच्या केसांवर जन्म काढलेल्या बाईला कंगव्यासाठी दुसऱ्यापुढे मान वाकवावी लागावी, याची तिला मनातून फार लाज वाटायची.

तिची पाळी आली. घंटा वाजवायला चौकटीशी तिचाच मुलगा उभा होता. या चिरंजीवांनी सहा महिन्यांपूर्वी बाबांची सेवा पत्करली होती आणि तेव्हापासून घरात ते बाबांच्याच आवाजात बोलत असत. मावशीने दोन्ही हातांनी चौकट रेटली. उजव्या खांद्यात कळ उठली, तरी तिने सोडलं नाही. घंटा झाली, ती पुढे आली. डावा हात डौलात वर गेला. उजवा कमरेपासून वीतभर सरकला आणि कुणी आतून कडी घातल्यासारखा जागच्या जागी थांबला.

गर्दीच्या टाळ्या हवेतच राहिल्या. बाबांनी मात्र डोळेही मिचकावले नाहीत. अशा वेळचं बोलणं त्यांच्याजवळ तयारच असायचं.

"माई, रोज सकाळी तुझ्या डोक्यावरून कुणाचा हात फिरतो?"

मावशी दचकली. "सुनेचा. ती केस विंचरते माझे."

"बघा!" बाबा गर्दीकडे वळले. "मी हिच्या घरी गेलोय? मला कुणी सांगितलं? मला दिसतं! माई, तो हातच तुझ्या खांद्यावर बसलाय. जोवर तो घरात आहे, तोवर तुझं ओझं मी घेणार तरी कसं?"

कुणी सांगितलं, ते घंटेपाशीच उभं होतं. पण गर्दीला वाटलं, बाबा अंतर्यामी. बाबांनी काळी पट्टी मागवली, मावशीचा उजवा हात छातीशी आवळून बांधला आणि फर्मान काढलं, "हात अजिबात हलवायचा नाही. पुढच्या रविवारी परत ये. हात वर गेला, तर सून निर्दोष. नाही गेला, तर त्याच दिवशी तिने घर सोडायचं. मान्य?"

"मान्य!" चिरंजीवच म्हणाले. सून गर्दीत मागे उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर ती नवऱ्यापुढे उभी राहिली. "अहो, मी तुमच्या आईंचे केस विंचरते. गळा नाही दाबत."

"मी कुठे म्हणतोय मुद्दाम करतेस? नकळतही होतं असं. बाबा खोटं कशाला बोलतील?"

"आणि हात वर नाही गेला तर?"

"तर चार महिने माहेरी राहा. त्यात काय एवढं?"

"चार महिन्यांनी बाबा म्हणाले, अजून चार महिने, तर?"

दोघांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने भिंतीकडे पाहिलं. सून गुणाची आहे, हे तिला शंभर टक्के ठाऊक होतं. पण एवढ्या लोकांचे हात वर गेलेले तिने या डोळ्यांनी पाहिले होते, त्याचं काय करायचं? बाबांना खोटं म्हणावं तर आपलेच डोळे खोटे ठरतात, खरं म्हणावं तर पोरीचा संसार मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही बांधलेल्या हाताची. ती गप्प बसली, आणि तिचं ते गप्प बसणं सुनेला नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. सोमवारी एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, खुर्चीत बसली, आणि सुनेने कात्री उचलताच अंग चोरून उठली. "मावशी, तुम्हीच कापा ना. तुमचा हात असा बांधलेला, होय का... मग मी नंतर येते." दुसरी दारातूनच परत गेली. तिसरी समोरच्या रस्त्याने मान खाली घालून गेली. रिकाम्या खुर्च्या, चकचकीत आरसे, आणि त्या आरशांत एकमेकींची नजर चुकवणाऱ्या दोघी. दुकान दोघींना खायला उठलं. बांधलेला खांदा तर दिवसेंदिवस आणखीच ताठत चालला होता. पट्टीखाली हात आहे की लाकडाचा तुकडा, असं मावशीला वाटायचं.

बुधवारी दुपारी तिच्या मनाने एक युक्ती काढली. बाबांशी भांडायचं नाही, मुलाशी वाद घालायचा नाही. रविवारी हात वर गेला की झालं! सून निर्दोष, घर शाबूत. मग आधी सराव का करू नये? परीक्षेला बसण्याआधी पोरं गणितं सोडवतात, तसाच हाही अभ्यास.

दुकानामागे टॉवेल आणि शाम्पूचे कॅन ठेवायची अडचणीची खोली होती. तिचं दार इतकं अरुंद, की आत जाताना अंग आडवं करावं लागे. सून पुढे झाडत होती. मावशीने दातांनी पट्टीची गाठ सोडली, त्या दारात उभी राहिली आणि उजव्या हाताने रेटायला गेली. कळ अशी आली की तोंडातून हाय निघाली. आधी चांगल्या हाताने जमवून बघू, मग दुखऱ्याने, असं ठरवून तिने डावा हात चौकटीला टेकवला आणि मिनिटभर जीव खाऊन रेटला. मग बाहेर येऊन सोडला.

डावा हात तरंगत वर गेला.

मावशी बघतच राहिली. इथे घंटा नव्हती, गर्दी नव्हती. बाबा तर या वेळी वखारीत पंख्याखाली घोरत असणार. तिने पुन्हा केलं. हात पुन्हा वर गेला. तिसऱ्या वेळी तिने रेटता रेटता मनातल्या मनात बाबांना एक सणसणीत शिवी हासडली. हात तरीही वर गेला, उलट वीतभर जास्तच गेला असं तिला वाटलं.

"आई, काय करताय?" सून केरसुणी घेऊन मागे उभी होती.

"इकडे ये. दारात उभी राहा. दोन्ही हात बाहेरच्या बाजूला रेट. हं, जोर लाव! भाकरी खाल्लीस ना सकाळी? आता पुढे ये आणि सोड."

सुनेचे दोन्ही हात वर गेले. ती किंचाळलीच. "अगं बाई! हे मी नाही करत, आई! खरंच नाही करत!"

"कुणीच करत नाही. बाबाही करत नाही. ही करते," म्हणत मावशीने टॉवेलखोलीच्या चौकटीवर थाप मारली. दोघी हसत सुटल्या. हसता हसता मावशीचे डोळे भरून आले. "मला माफ कर गं. त्या दिवशी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले."

सून हसायची थांबली. "बसलात खऱ्या," ती म्हणाली. मग सासूचा दुखरा हात तिने जपून हातात घेतला. "पण मग तुमचा उजवा का नाही जात?"

"तेच कळत नाही."

"मग ते ज्याला कळतं त्याला विचारू या. चला."

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी फारसं काही विचारलं नाही. "हात तुम्ही उचलू नका. अगदी ढिला सोडा. मी उचलते." त्यांनी उजवा हात हलकेच वर नेला. तो नेमका तिथेच अडला, जिथे चौकटीत अडला होता. मग दोन्ही कोपरं बरगडीला टेकवून त्यांनी पंजे बाहेरच्या बाजूला वळवले. डावा सहज वळला, उजवा जागचा हलेना.

"पाहिलंत? माझ्या हातानेही जात नाही. म्हणजे तुमच्या अंगात बळ नाही असं नाही. सांधाच आवळलाय. खांद्याच्या सांध्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं. त्याला सूज येते, ते जाड होतं, आकसतं. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. एक्स-रे काढू, दुसरं काही नाही ना ते बघायला."

"कशाने झालं? रोज दुसऱ्याने कंगवा फिरवला म्हणून?" सुनेने विचारलं. तिला हे कळणं सगळ्यात गरजेचं होतं.

"पुष्कळदा नेमकं कारण सापडत नाही. पन्नाशीच्या आसपास जास्त होतं, बायकांना जास्त, आणि शुगर असेल तर फारच. रक्त तपासून घ्या. कंगव्याने मात्र होत नाही," त्या हसल्या. मग त्यांची नजर मावशीच्या पिशवीतून डोकावणाऱ्या काळ्या पट्टीवर गेली. "हे कुणी बांधलं? हात असा बांधून ठेवला की सांधा आणखी आखडतो!"

मावशीने सगळी कथा सांगितली. डॉक्टरीणबाई उठल्या आणि आपल्याच दवाखान्याच्या दारात उभ्या राहून रेटू लागल्या. बाहेर बसलेले रोगी बघत राहिले. पुढे येताच त्यांचेही हात वर गेले.

"माझ्या खांद्याला काही झालेलं नाही, तरी गेले ना? स्नायू बराच वेळ एकाच दिशेने जोर लावत राहिला, की आपण थांबलो तरी त्याला मिळणारा हुकूम लगेच थांबत नाही. काही क्षण तो आपोआप ओढत राहतो. आपण मुद्दाम उचलत नसतो, म्हणून हात हलका वाटतो. एवढंच आहे ते. तुमच्या खांद्यात सांधाच बंद, मग स्नायूने ओढून हात जाणार कुठे?"

"पण लोकांचं दुखणं थांबतं म्हणतात," मावशी म्हणाली.

"काहींचं थांबणारच असतं. माणूस बाबाकडे कधी जातो? दुखणं असह्य झालं की. त्यानंतर ते बऱ्याचदा उतरतंच. तुमचाही खांदा हळूहळू सुटेल. वर्ष लागेल, कदाचित दोन. तोवर बाबाकडे जात राहिलात तर नाव त्याचंच होईल."

"आणि ज्यांचं उतरत नाही, त्यांच्या घरात दोषी सापडतो," सून म्हणाली.

वर्ष, दोन वर्षं. मावशीचा चेहरा पडला. इतके दिवस या खांद्यात कोंडून राहायचं? पण डॉक्टरीणबाईंनी तिला खोटी आशा लावली नाही. दुखणं कमी करायला सांध्यात एक इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवले. चांगल्या हाताने टेबल धरून वाकायचं आणि दुखरा हात लोंबता ठेवून हलकेच झुलवायचा. भिंतीवर बोटं चालवत हात जाईल तितका वर न्यायचा. "ताण जाणवेल इथवरच. जबरदस्ती करायची नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. दुखणं वाढलं, हाताला मुंग्या आल्या, तर लगेच या."

रविवार उजाडला. वखार खच्चून भरली होती. सुनेचा निकाल बघायला लोक मुद्दाम आले होते. माणसाला दुसऱ्याच्या घरातलं भांडण फुकट बघायला मिळालं, तर तो दुपारची झोप मोडून येतो.

"ये माई," बाबा म्हणाले. "पट्टी कुठाय?"

"सोडली. बाबा, आधी मला एक सांगा. ओझं तुम्ही घेता म्हणूनच हात वर जातो ना?"

"माझ्या शक्तीशिवाय इथे पानही हलत नाही!"

"मग एक करा. ती शक्ती थोडा वेळ बंद करा."

"काय?"

"बंद करा हो. आम्हाला काहीच देऊ नका. बघू या, हात खालीच राहतात का."

गर्दीत खसखस पिकली. ट्रकचालक आज पुन्हा आला होता, कारण त्याचा खांदा पुन्हा दुखायला लागला होता. तोच ओरडला, "खरंच की! करा बंद!" मागून आणखी आवाज आले. बाबांच्या कपाळावर घाम डवरला. बंद करत नाही म्हणावं, तर का नाही? करतो म्हणावं, तर पुढे काय? त्यांनी स्वतःच रोवलेल्या चौकटीत ते आता पुरते अडकले होते.

"बंद केली!" ते गरजले. "आता कुणाचाही हात उठणार नाही!"

"चला, सगळे भिंतीला चला!" सून पुढे झाली. वखारीच्या लांबच्या लांब भिंतीला तिने लोकांना कडेने उभं केलं, एक खांदा भिंतीकडे, पंजाची मागची बाजू भिंतीला. "घंटा नाही, घोषणा नाही. नुसतं रेटा. अजून रेटा. आता दोन पावलं बाजूला व्हा आणि हात सोडून द्या."

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात वर गेले. हमालाचा गेला, कारकुनाचा गेला, नुसती मजा बघायला आलेल्या दुधवाल्याचाही गेला. आधी सगळे थक्क झाले, मग कुणीतरी हसलं, आणि मग अख्खी वखार हसायला लागली. मावशीने तेवढ्यात आपला आखडलेला उजवा हात जेमतेम जाईल तितका पुढे करून दाखवला. "माझा हा जात नाही, कारण सांधा आजारी आहे. उपचार चालू आहेत. माझ्या सुनेने तो विंचरून बिघडवलेला नाही!"

"अश्रद्धांच्या जागेत मी पाणीही पिणार नाही!" असं म्हणून ओझेबाबा मागच्या दाराने निघून गेले. खोटं कशाला बोला, जाता जाता दोघा-चौघांनी त्यांच्या पाया पडून घेतलंच. भोळेपणा एका दुपारात उतरत नाही, आखडलेल्या खांद्यासारखाच त्यालाही वेळ लागतो. पण रांग मोडली होती, आणि ट्रकचालक सुनेला दवाखान्याचा पत्ता विचारत होता.

घरी आल्यावर चिरंजीव बराच वेळ दारातच घुटमळले. शेवटी म्हणाले, "झालं ते झालं. बाबांनी फसवलं मला. तू आता कुठे जायचं नाहीस."

"ते मी ठरवीन," सून शांतपणे म्हणाली. "मला एक सांगा. सहा महिने तुम्ही त्या चौकटीपाशी उभे होतात. रोज लोकांचे हात वर जाताना पाहत होतात. आपल्या घराला दारं किती?"

त्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"मला घराबाहेर काढायला निघालात, त्याआधी त्यातल्या एका तरी दारात उभं राहून एकदा करून का नाही पाहिलंत?"

चिरंजीवांचा चौकटीवर टेकलेला हात तिथेच थांबला. मावशी आत भिंतीवर बोटं चालवत होती, तीही थांबली. वाचकहो, दार आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. कुणाच्या सांगण्यावरून कुणाला दोषी धरण्याआधी, एकदा करून पाहा.